विस्थापितांच्या छावण्यांना मदत: नाशिकहून काय पाठवावं, कोणाकडं, आणि संस्था तिथं नेमकं करतात काय?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. आमच्या गणेश मंडळाकडं यंदा दीडेक लाख शिल्लक आहेत आणि मणिपूरमधल्या विस्थापितांना मदत करायचं बैठकीत ठरलंय. ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाल्यापासून साठेक हजार माणसं घरदार सोडून बाहेर पडली, आणि बऱ्याच जणांना परत जाता आलेलं नाही. पुढं मात्र एकमत होईना. काही म्हणतात, एक ट्रक कांदा आणि जुने कपडे पाठवू. काही म्हणतात दूध पावडर आणि औषधं. एक गट म्हणतो, एखाद्या मोठ्या संस्थेला चेक देऊन मोकळं व्हा. त्यावर लगेच आक्षेप आला की संस्थावाले पांढऱ्या गाड्या फिरवतात, बॅनर लावतात आणि निघून जातात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात मंडळानं सामान पोचवलं होतं. पण जिथं दोन समाज एकमेकांसमोर उभे आहेत तिथं हेच गणित चालतं का?

रसद_देवळाली

नाही चालत. पुरात रस्ता पाण्यामुळं बंद होतो आणि पाणी ओसरलं की उघडतो. इथं तो कोणीतरी बंद केलेला असतो, आणि उघडायचा तर त्याच्याशी बोलावं लागतं. संस्थेचं निम्मं काम हे बोलणंच असतं आणि ते फोटोत येत नाही.

मणिपूरचंच घ्या. इम्फाळ खोऱ्यात मैतेई, आजूबाजूच्या डोंगरांत कुकी-झो आणि मध्ये सुरक्षा दलांचा बफर पट्टा. इम्फाळला माल येतो तो कोहिमा-सेनापती-कांगपोक्पीवरून महामार्ग २ नं किंवा सिलचर-जिरीबामवरून महामार्ग ३७ नं. हे दोन्ही रस्ते डोंगरांतून जातात आणि बंद पडले की खोऱ्यात टंचाई सुरू. उलट कुकी-झो भागातल्या चुराचांदपूरला इम्फाळवरून जायचं तर बफर ओलांडावा लागतो, म्हणून तिकडची माणसं आणि माल मिझोराममधून आयझॉलमार्गे ये-जा करतात. म्हणजे ‘एक ट्रक, दोन्ही छावण्या’ हे नकाशावरच जमत नाही. चालक दोन्हीपैकी कुठल्याच समाजाचा नसला तरच तो पुढं जातो. आपला एमएच-१५ पासिंगचा ट्रक तीन हजार किलोमीटर जाऊन पहिल्या नाक्यावर अडकला, तर रोजचं भाडं कोण भरणार?

‘मग सोबत बंदोबस्त घ्या’ हे लोक सहज सुचवतात. बऱ्याच संस्था तो शक्यतो टाळतात, कारण ज्यांच्या बंदुका सोबत त्यांचीच मदत, असा अर्थ समोरचा काढतो आणि पुढच्या खेपेला संस्था त्याच्या दृष्टीनं शत्रुपक्षात जमा होते. त्याऐवजी सगळ्या बाजूंना मार्ग, वेळ, गाडी क्रमांक आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आधी कळवतात. त्यानंही खात्री मिळत नाही. अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश कळवलेले असूनही ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकी विमानानं ते उडवलं, ४२ जण गेले. १ एप्रिल २०२४ ला गाझात अन्न पुरवणाऱ्या वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेच्या ताफ्याची हालचाल इस्रायली लष्कराला कळवलेली होती, तरी हवाई हल्ल्यात सात जण मारले गेले. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून जास्त मदत-कर्मचारी मारले गेले आणि त्यातले बहुतेक स्थानिक होते. पांढऱ्या गाडीची थट्टा करण्याआधी हे आठवावं.

अजून एक. ट्रकवर लाल क्रॉस रंगवू नका. नाशिकमध्ये डॉक्टरांच्या गाड्यांवर आणि मेडिकलच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो, पण १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानं परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. इथं कोणी विचारत नाही हे खरं. संघर्षाच्या भागात मात्र ज्याच्या-त्याच्या गाडीवर तो दिसायला लागला की खऱ्या रुग्णवाहिकेवरचा विश्वासही उडतो.

टीसीएल_तपोवन

रस्त्याचं वर आलंच आहे. मी सामानाचा हिशोब देतो.

कांदा: आपला जीव कांद्यात, पण शंभर ग्रॅममधून मिळतात जेमतेम ४० किलोकॅलरी. माणशी रोजचं नियोजन २,१०० किलोकॅलरीचं असतं. १० टन कांदा म्हणजे सुमारे १,९०० माणसांचा एका दिवसाचा आहार, तेवढाच तांदूळ म्हणजे साडेसोळा हजारांच्या वर. ट्रकभाडं तेच, आणि कांदा वाटेत सडतो तो वेगळा. संस्थांचा कोरडा शिधा साधारण असा असतो: माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५० ग्रॅम पोषक पीठ, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ. पाच माणसांच्या घराला महिन्याला धान्यच ६० किलो होतं. ५० किलोचं पोतं बाईला किंवा म्हाताऱ्याला उचलवत नाही. मग उचलणारा कोणीतरी पुढं येतो आणि त्यातलं आपलं काढून घेतो. म्हणून १०-१५ किलोच्या पिशव्या आणि पंधरवड्याला वाटप. घरात साठा कमी राहिला की लुटायला येणाराही कमी.

दूध पावडर अजिबात नको. बाटली उकळायला सरपण नाही, पाण्याची खात्री नाही. अशा जागी बाटलीच्या दुधानं बाळाला हगवण लागते आणि आईचं दूधही आटत जातं. शिवाय बाळांचं डब्याचं दूध आणि बाटल्या वाटायला १९९२ च्या कायद्यानं मनाई आहे, अपवाद फक्त अनाथालयाचा. खरोखर कुपोषित मूल असेल तर ते दंडाच्या पट्टीवर कळतं: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. त्यावर उपचार म्हणजे ९२ ग्रॅमच्या पुडीतली शेंगदाण्याची पेस्ट, एका पुडीत सुमारे ५०० किलोकॅलरी. किती पुड्या द्यायच्या ते वजन पाहून आरोग्य कर्मचारी ठरवतो.

औषधं: पोचताना मुदत संपायला निदान एक वर्ष हवं आणि नुसतं ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं नाव पाकिटावर हवं. घराघरांतून गोळा केलेल्या अर्ध्या पट्ट्या तिथं निवडायलाच दोन माणसं अडकतात, आणि शेवटी त्या जाळाव्या लागतात.

खरी मेहनत पाण्यात आणि संडासात असते. १,२०० माणसांची छावणी धरा. माणशी १५ लिटर म्हणजे रोज १८,००० लिटर, दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. २५० माणसांमागं एक नळ, म्हणजे पाच. २० जणांमागं एक संडास, म्हणजे ६०, आणि बायकांचे पुरुषांच्या तिप्पट. झोपडीपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी, रात्री दिवा. कडी आणि दिवा द्यायचे राहून गेले तर संध्याकाळनंतर बायका पाणीच प्यायचं सोडतात.

शुद्धीकरण आपल्या ग्रामपंचायतीत होतं तसंच. ३० टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लिटरभर पाण्यात ३३ ग्रॅम घातली की एक टक्क्याचं द्रावण. वरचं नितळ पाणी दोन लिटर घेऊन दहा हजार लिटरच्या टाकीत घातलं की लिटरमागं २ मिलिग्रॅम. अर्धा तास थांबून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून बघायचं; नळाला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम राहिलं पाहिजे. चुकतं कुठं? गोणी उघडी पडून पावडरीचा जोर २० टक्क्यांवर आलेला असतो आणि हिशोब तिसाचाच चालू राहतो. गढूळ पाण्यात तर क्लोरीन गाळातच संपतं, तिथं आधी तुरटी.

कुंभात तपोवनात साधुग्राम उभं करताना हेच आकडे असतात. पण तिथं जागा कुठली ते प्रशासन आधी ठरवतं. निर्वासितांना जागा निवडता येत नाही. १९९४ मध्ये रवांडातून आलेली लाखो माणसं काँगोतल्या गोमाला थांबली ती लाव्हाच्या खडकावर. खड्डा खणता येईना, संडास होईनात, पाणी सरोवराचं. कॉलरा आणि हगवणीनं पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसं गेली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ज्यानं विहीर खणलीय त्याला हे सांगायला नको.

यादीवाली_सातपूर

टीसीएल दादांनी गोमा काढलंच आहे तर पुढचं सांगते, कारण ‘संस्था करतात काय’ याचं उत्तर तिथंच आहे. त्या छावण्यांत रवांडातला नरसंहार घडवणारे पुढारीही आले होते. संस्थांनी सुरुवातीला धान्य त्यांच्याच हातून वाटलं, गावनिहाय, कारण ते झटपट होतं. पुढाऱ्यांनी डोकी फुगवून सांगितली आणि वरचं धान्य स्वतःच्या सैन्याला वळवलं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेची फ्रेंच शाखा त्या वर्षाच्या शेवटी तिथून बाहेर पडली. बाकीच्या बहुतेक संस्था राहिल्या. कोण बरोबर, यावर आजही वाद आहे. माझं मत: यादी ज्याच्या हातात, छावणी त्याची. हे ओळखायला सगळ्यांनीच उशीर केला.

येमेनमध्ये २०१९ मध्ये हाच झगडा उघड झाला. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला लाभार्थ्यांची बोटांच्या ठशांवर नोंद हवी होती, राजधानी सना ताब्यात असलेल्या हुती बंडखोरांच्या प्रशासनाला यादी आपल्याकडं हवी होती. जूनमध्ये सनात वाटप अंशतः थांबवलं आणि सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. ते दोन महिने उपाशी कोण राहिलं ते सांगायला नको.

म्हणून यादीचे काही नियम पाळावे लागतात. कार्ड शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर. नोंद घरोघर किंवा खोलीखोलीत जाऊन, एकाच दिवशी, नाहीतर तेच कुटुंब दोन ठिकाणी लागतं. धर्म, जमात, मूळ गाव हे रकाने गरज नसेल तर घ्यायचेच नाहीत. पूरग्रस्तांची यादी आपण चावडीवर चिकटवतो, पारदर्शकता म्हणून. इथं नाव-गावाची यादी भिंतीवर लावली तर ती हल्लेखोरांच्या हातात पडते. फलकावर एवढंच लिहायचं: कोणाला किती मिळणार, कधी मिळणार, आणि तक्रार कुठं. डिजिटल यादीही सुरक्षित नसते. जानेवारी २०२२ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि हरवलेल्या नातेवाइकांचा शोध चालू असलेल्या ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती बाहेर गेली.

वाटपाची जागा चौकीजवळ नको. आत यायचा रस्ता वेगळा, जायचा वेगळा. टोकन आदल्या दिवशी. वाटपानंतर पंधरा दिवसांनी काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि विचारायचं: किती मिळालं, त्यातलं कोणाला द्यावं लागलं. ‘द्यावं लागलं’ हा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतो, आणि गळती तिथंच सापडते.

आणि शेजारचं गाव विसरू नका. छावणीला तांदूळ-तेल आणि कुंपणापलीकडच्या गरीब गावाला काहीच नाही, असं महिनाभर चाललं की ट्रकवर दगड येतो. गावचा हातपंप दुरुस्त करून देणं हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

पंचवटीकर

सगळं पटलं. पण रेडक्रॉससारखे लोक सगळं डोळ्यांनी बघतात आणि गप्प बसतात, हे काही पटत नाही.

यादीवाली_सातपूर

@पंचवटीकर काका, आक्षेप जुना आणि रास्त आहे. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती तुरुंगात जाऊन कैद्यांशी एकांतात बोलते, घरच्यांच्या खुशालीची पत्रं पोचवते. जे दिसलं ते त्या सरकारला किंवा गटाला बंद खोलीत सांगते. बाहेर बोलली तर दार बंद होतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स नायजेरियातल्या बायाफ्राच्या युद्धानंतर १९७१ मध्ये निघाली ती ही चुप्पी पसंत नसलेल्या लोकांमधून. बोलण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागते, देशाबाहेर काढलं जातं. मला वाटतं दोन्ही लागतात. एकीनं दुसरीचं काम करू नये, एवढंच.

हिशेबनीस_सीए

कागदाचं थोडक्यात. मंडळाची नोंदणी नसेल आणि वर्गणी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क च्या परवानगीवर गोळा केली असेल, तर परवानगी ज्या कारणासाठी होती ते बघा आणि शिल्लक दुसरीकडं द्यायच्या आधी धर्मादाय कार्यालयात विचारा. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) वस्तूंच्या दानाला नाही, २,००० रुपयांच्या वरच्या रोखीला नाही आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना तर मिळतच नाही.

संस्था निवडताना हेही लक्षात घ्या. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही आणि त्यातून प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. त्यामुळं मोठी संस्था परदेशी निधीतून गावातल्या छोट्या संस्थेला पैसे देऊच शकत नाही. देशातल्या देणगीला ही अडचण नाही. म्हणून तुमचे दीड लाख छोट्या स्थानिक संस्थेला जास्त उपयोगी पडतील. नोंदणी, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि बँक खातं संस्थेच्याच नावावर, एवढं तपासून घ्या. अहवाल मागितल्यावर जे फोटो पाठवतात त्यांना नाही म्हणा.

गंगापूररोडकर

खूप आभार. ट्रक रद्द. मग खोऱ्यात पंच्याहत्तर, डोंगरात पंच्याहत्तर हजार, असं निम्मं-निम्मं केलं तर कोणी बोट दाखवणार नाही ना?

रसद_देवळाली

बोट दोन्हीकडून दाखवलं जाईल. निःपक्षपात म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे, जिथं गरज जास्त तिथं जास्त. दोन्हीकडच्या एकेका संस्थेला तोच प्रश्न लेखी विचारा: तुमच्या छावणीत माणसं किती, रोज पाणी किती लिटर, संडास किती, मागच्या महिन्यात काय कमी पडलं. उत्तरं टीसीएल दादांच्या आकड्यांशेजारी मांडा. एकीकडं १५ लिटर मिळतंय आणि दुसरीकडं सात, तर पैसे कुठं जास्त जायचे ते दिसेलच. खरेदी तिथल्या बाजारातच करू द्या, इम्फाळची इम्फाळला, चुराचांदपूरची चुराचांदपूरला. आणि पोचल्याचा फोटो मागताना छावणीतल्या लोकांचे चेहरे नकोत असं आधीच कळवा, मंडळाच्या फेसबुकवर ते चढायला वेळ लागत नाही.

टीसीएल_तपोवन

आणि विचारताना ओटी चाचणीची वही आहे का तेही विचारा. जिथं रोजच्या नोंदी आहेत तिथं पाण्याकडं कोणाचं तरी लक्ष आहे.