बीसीआर-एबीएल चाचणीसाठी फोंडा-पणजी भागात लॅब हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या एका सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) रुग्णासाठी विचारतोय. इमॅटिनिब (त्यावरची गोळी) ४०० मिग्रॅ रोज चालू आहे. ६ महिन्यांनी बीसीआर-एबीएल (या आजाराच्या बिघडलेल्या जनुकाचं रक्तातलं प्रमाण) १ टक्क्याच्या आत यायला हवं होतं, आलंय ४. गोळ्या चुकलेल्या नाहीत (बहुतेकदा घोळ तिथेच असतो), म्हणून डॉक्टरांनी म्युटेशन (गोळीला दाद न देणारा जनुकातला बदल) तपासणीही सांगितलीय.

नमुना इथे घेऊन मुंबईला पाठवणारी खात्रीची लॅब कोणती? नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीएचीच (रक्त गोठू न देणारं रसायन) हवी. हिरव्या झाकणाचीत हेपरिन असतं, त्याने पीसीआर (ही चाचणी ज्या पद्धतीने करतात ती) बिघडतं. उशीर झाला की आरएनए (पेशींतला ज्या घटकावर ही चाचणी होते तो) खराब होतं, त्यामुळे शनिवारी नमुना घेऊन सोमवारपर्यंत ठेवणारे नकोत. अहवाल आंतरराष्ट्रीय स्केलवरच (सगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून ठरलेलं माप) देतात ना? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) सोय असेल तर कुठल्या वारी, तेही कळवा.