घरी सगळं येतं, पेपर हातात पडला की पाटी कोरी. मदत हवी आहे

मुलगी पंधरा वर्षांची आहे. महिन्याभरावर मोठी परीक्षा आलीय. अभ्यास करत नाही अशी तक्रार नाही, उलट जरा जास्तच करते. रात्री दीड-दोनपर्यंत तिच्या खोलीतला दिवा चालू असतो. तोंडी विचारलं तर खडाखड उत्तरं देते. आणि सराव परीक्षेत गणिताच्या पेपरला पहिली वीस मिनिटं एक अक्षर लिहिलं नाही.

उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा पाहिली. समासात प्रश्नाचा '१' इतका गिरवला होता की कागद फाटून शाई खालच्या पानावर उतरली होती. पुढे सगळं रिकामं. तेच गणित तिनं आदल्या रात्री मला समजावून सांगितलं होतं. (मला ते कळलं नव्हतं, तो भाग वेगळा.)

विचारलं तर म्हणाली, "वाचत होते गं, पण वाक्य आत जातच नव्हतं." पेपरच्या सकाळी हात गार पडतात, पोटात कळ येते. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही म्हणाले.

"टेन्शन घेऊ नकोस" म्हटलं की चिडते. बाबानं मोबाइल काढून घेतला होता, पण मैत्रिणींशी बोलणंही बंद झालं आणि ती आणखीनच मिटली, म्हणून दोन दिवसांत परत दिला. दीर्घ श्वास शिकवून पाहिला. त्यावर काय ऐकवलं माहितीये? "मी रडायला लागले की तू श्वास घे म्हणतेस. आता श्वास घे म्हटलं की मला रडू येतं." तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

आणि एक गोष्ट. परवा जेवताना म्हणाली, "पेपरच्या दिवशी मी आजारी पडले तर किती बरं होईल." मी घाईघाईनं विषय बदलला. बदलायला नको होता असं तेव्हापासून वाटतंय.

ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी कृपया सांगा. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" हे मात्र नको, ते घरात रोज ऐकते.

खडूफळा:
बरीच वर्षं शिकवतोय, असा गिरवलेला आकडा ओळखीचा आहे. डोक्यात आकडेमोड मांडायला जी जागा असते ती मुळात लहान. तिथे 'नाही जमलं तर?' ठाण मांडून बसलं की गणिताला जागा उरत नाही. येत असलेलंच त्या वेळी हाताशी लागत नाही. म्हणून "तुला येतं गं सगळं" म्हणून उपयोग नाही, ते तिलाही माहीत आहे.

रात्रीचं पुन्हा पुन्हा वाचणं आधी थांबवा. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं पुस्तक मिटून स्वतःला आठवायला लावणारे सरस ठरले. तेव्हा पुस्तक बंद, कोरा कागद, घड्याळ. शक्य तर घरी नको, अनोळखी खोलीत. आणि पहिले दोन-तीन पेपर तुम्ही तपासू नका! गुण दिले की त्याचीही परीक्षाच होते. पेपर हातात आला की आधी सगळा चाळायचा, हमखास येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करायची. तो पाचवा असला तरी चालेल. एकदा हात चालू लागला की निम्मी भीती ओसरते.

आणखी एक सोपा उपाय. पेपरआधी दहा मिनिटं, जी भीती वाटतेय ती कागदावर उतरवून काढायची. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुलांचे गुण यानं सुधारले. कागद तिचा, तुम्ही वाचायचा नाही.

रात्रपाळी:
मी असाच मुलगा होतो. श्वासाबद्दल तुमची लेक बरोबर बोलतेय. आग लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार आहे तो. मन शांत असताना रोज दोनदा करायचा, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की धडधड उतरते. सवय मुरल्यावरच तो पेपरात कामाला येतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, दीड-दोनपर्यंतचं जागरण तिच्याच मुळावर येतंय.

आणि फाटकाशी उभं राहून "कसा गेला?" विचारू नका. माझे वडील विचारायचे. तीन तासांचा पेपर मला सोसायचा, तो प्रश्न नाही.

उंबरा:
वरचं सगळं ठीक, पण आजारी पडण्याचं वाक्य आधी. आज परत काढा. "तसं का वाटलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठा. नाही आलं, तरी खाणंपिणं, झोप, हसणंबोलणं दोन आठवडे उतरलेलंच असेल तर समुपदेशकाकडे न्या, परीक्षा संपायची वाट पाहू नका. वर्गशिक्षकांनाही कळू द्या. काही ठिकाणी वेगळी खोली किंवा जास्त वेळ मिळू शकतो, पण त्यासाठी आधी मागावं लागतं.

(मूळ प्रश्नकर्ती):
काल रात्री विचारलं. जीभ रेटत नव्हती, पण विचारलं. म्हणाली, "मरायचं वगैरे नाही गं आई. एक दिवस कुणी काही विचारू नये, एवढंच." मग बराच वेळ काहीच बोललो नाही. समुपदेशकांची वेळ घेतली आहे. यायला तयार आहे, फक्त बाबा नको म्हणाली.

आज मैत्रिणीच्या घरी घड्याळ लावून पेपर सोडवला. चौथ्या प्रश्नापासून सुरुवात केली म्हणे. पहिला तसाच राहिला. मी बघायला मागितला नाही, हे मला फार जड गेलं.

आता अकराला पुस्तक मिटतो. पण एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडलेली असते. यावर कुणी काही सुचवेल का?