रविवारची पाणपक्षी मोजणी: पाळीवर कोण, काठावर कोण?

गुरुजी: रविवारी सकाळी ६.४५ ला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जमा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या दिवसांत पाहुणे पक्षी एका जागी स्थिरावलेले असतात, म्हणून सगळीकडं एकाच सुमारास मोजतात. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची यादी त्यात गेलीच पाहिजे.

सेवकभाऊ: पण गुरुजी, दरसाल तेच बगळे अन् त्याच अडया (शीळ घालणारी बदकं). काही वेगळं दिसलं तर लिहू, नाहीतर कायले?

मंदाताई: नाही ना जी भाऊ, तेच तर लिहायचं आहे! अडई दर जानेवारीत मोजली तरच ती कमी झाल्याचं कळेल. ग्रामसभेत खोलीकरणाचा विषय आला की आपल्याजवळ आकडे पाहिजेत. जेसीबीनं काठ सरळसोट खोल केला की कमळपक्षी अन् शेकाट्या दोन्ही जातात. एकाला तरंगती पानं लागतात, दुसऱ्याला उथळ पाणी. बेशरमाची झुडपं काढली अन् देवधान (रानटी धान) वाढू दिलं, तर फरक पडला का, हेही याच यादीतून दिसेल.

सेवकभाऊ: पटलं. मग मोजायचं कसं? थवा उडाला की सगळा घोळ होते.

गुरुजी: म्हणूनच मच्छीमार भावांचे डोंगे पाण्यात उतरायच्या आत मोजून घ्यायचं. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून. उलट्या बाजूनं पाण्याची चमक डोळ्यात येते अन् सगळी बदकं काळीच दिसतात. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. अडयांचा मोठा थवा असला तर आधी १० पक्षी नीट मोजा, ते केवढी जागा घेतात ते नजरेत धरा अन् थव्याचे तेवढ्या-तेवढ्या जागेचे तुकडे पाडत मोजत जा. मग उलट्या टोकाकडून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा. थवा उडून दुसऱ्या कोपऱ्यात बसला तर तिकडच्या लोकांना लगेच फोन करा, नाहीतर तेच पक्षी दोनदा धरले जातात. अन् बेरीज करताना शंका आली तर मोठा आकडा ठेवा, दोन्ही मिळवू नका.

मंदाताई: जांभळी पाणकोंबडी गवतात दडून राहते, तिचा आकडा नेहमी कमीच येतो. दिसल्या तेवढ्याच लिहा, अंदाजानं वाढवू नका. चांदव्याच्या कपाळावर पांढरा टिळा अन् चोचही पांढरी. साध्या पाणकोंबडीची चोच लाल, टोक पिवळं. ओळख पटली नाही तर “बदक, जात माहीत नाही” असं लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

निखिल: ईबर्डवर (पक्षीनोंदीचं ॲप) यादी करणाऱ्यांनी घरूनच ॲप उतरवून अन् आपल्या भागाची पक्षीयादी भरून ठेवा, पाळीवर रेंज राहत नाही. यादी तिथंच सुरू करा, वेळ अन् जागा आपोआप नोंदली जाते, नंतर पाठवता येते. पाच जण सोबत असले तर एकानंच यादी करून बाकीच्यांना शेअर करायची. जागा निवडताना तलावाचा हॉटस्पॉटच, म्हणजे ॲपमधली सगळ्यांची सामाईक जागाच घ्या. प्रत्येकानं आपला वेगळा पिन टाकला की तलावाचा हिशेब तुकड्या-तुकड्यांत होते. “सगळे पक्षी नोंदवले का?” याला हो म्हणायचं तर वंचक, कावळा, टिटवी काही सोडायचं नाही. तेव्हाच यादीत नसलेला पक्षी म्हणजे “दिसला नाही” असा अर्थ निघतो. आकडा घेता आला नाही तर त्याजागी एक्स (X) चालतो, म्हणजे पक्षी दिसला पण मोजला नाही, पण मोजणीच्या दिवशी एक्सचा उपयोग फार कमी.

रेखाकाकू: सारस दिसले तर फोटो ग्रुपवर टाकू का रे बाबू?

निखिल: टाका काकू, पण बांधी (धानाचं शेत) कोणाची ते लिहू नका. पावसाळ्यात घरटं दिसलं तर फोटोही नको, लोक पाहायला जातात अन् जोडी उठते. शेतमालकाला सांगा अन् वनरक्षकाला.

सेवकभाऊ: वही कोणाजवळ राहील?

मंदाताई: ग्रामपंचायतीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं आपली व्यवस्थापन समिती आहे, लोक जैवविविधता नोंदवहीत पान लावून घेऊ. वर तारीख, सुरुवातीची अन् शेवटची वेळ, हवा, पाण्याची पातळी अन् माणसं किती, एवढं आधीच लिहून ठेवते. पुढच्या वर्षीही हाच काठ अन् हीच वेळ.

गुरुजी: सेवकभाऊ, पूर्वेचा काठ तुमच्याकडं. भडक कपडे नको. दुर्बिणी दोनच आहेत, एक तुम्ही घ्या.

सेवकभाऊ: हो जी. ६.३० लाच येतो.