सूर्यफुलाचे संकरित बीजोत्पादन: पेट्या ठेवूनही दाणा पोचट, सल्ला हवा

विचारणा (पेडणे):
नमस्कार मंडळी. गेल्या हंगामात भात काढल्यावर अर्ध्या एकरात सूर्यफुलाचे संकरित बीजोत्पादन घेतले. तीन ओळी मादीच्या (जिच्यावर बी धरायचे ते वाण) व एक नराची (पराग देणारे वाण) असा पेरा होता आणि सातेरी (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी) माश्यांच्या चार पेट्या बांधावर ठेवल्या होत्या. तरीही मादीच्या कणसात कडेच्या दोन-तीन फेऱ्याच भरल्या; मधले दाणे चिमटीत धरताच चेपत होते. नराच्या ओळीवर मात्र माश्यांची सतत गुणगुण असे. यंदा पेट्या वाढवाव्यात का?

उत्तर (सत्तरी):
बाब, शिफारस हेक्टरी पाच पेट्यांची आहे, तेव्हा तुमच्या पेट्या कमी नव्हत्या. मादी वाण नरवंध्य असल्यामुळे तिच्या फुलात पराग नसतो, आणि सूर्यफुलाचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्यावर फारसा जात नाही. म्हणून नराकडून मादीकडे जाणारी माशी हाच दाणा भरण्याचा मुख्य मार्ग. पराग गोळा करणारी माशी मात्र मादीकडे सहसा फिरकत नाही. मकरंद शोधणारी माशीच दोन्हींकडे जाते. सकाळी नराच्या ओळीपाशी थोडा वेळ उभे राहून पाहा: बहुतेक माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसल्या, तर तुम्ही ऐकलेली गुणगुण मादीच्या फारशी कामाची नव्हती.

येथे रानमाश्या (पेटीत न पाळलेल्या जंगली माश्या) मोलाच्या ठरतात. कॅलिफोर्नियातील संकरित सूर्यफुलावरचे संशोधन 2006 साली प्रसिद्ध झाले; रानमाशी जवळ आली की मधमाशी विचलित होऊन दुसऱ्या ओळीकडे उडते आणि तिचे परागीभवन पाचपटीपर्यंत अधिक परिणामकारक होते, असे त्यात आढळले. पुष्कळ रानमाश्या जमिनीत घर करतात, म्हणून बांध जाळू नका आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पेट्या आधीपासून आणून ठेवू नयेत. आपल्याकडे त्याच सुमारास डोंगरावर काजू मोहरलेला असतो आणि माश्यांना एकदा त्याची सवय लागली की शेत मागे पडते. पाच ते दहा टक्के कणसे उमलल्यावर पेट्या आणाव्यात आणि एका बांधावर न मांडता शेताच्या कडांवर विभागून ठेवाव्यात.

उत्तर (फोंडा):
वरील सल्ल्याला जोड म्हणून हातानेही परागीभवन करावे. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मऊ मलमलीचे कापड आधी नराच्या व मग मादीच्या कणसावर हलकेच फिरवावे. कणीस कडेकडून आत उमलत जाते व त्याला आठवडाभर लागतो, म्हणून एक दिवसाआड फिरवणे आवश्यक आहे. नर आधी उमलून संपला असेल, तरी मधला भाग रिकामा राहतो. शेजारच्या परसात शोभेची सूर्यफुले असतील तर तीही पाहा. माशी त्यांचा परागही आणते, आणि विलगीकरणाचे अंतर, म्हणजे इतर सूर्यफुलांपासून राखायचे अंतर, 400 मीटर आहे.

विचारणा (पेडणे):
आपणा दोघांचे मनापासून आभार. नर व मादी मी एकाच दिवशी पेरले होते आणि नराची कणसे खरोखरच आधी सुकली. यंदा नराचा पेरा दोन टप्प्यांत करीन. पेट्या चारच ठेवीन.