जन्मदाखल्यात नाव नाही, लग्नाची तारीख चुकली: अमेरिकेच्या पती-पत्नी व्हिसाचे कागद

प्रश्न – माहेर_तासगाव

नवरा अमेरिकेचा नागरिक, राहणार न्यू जर्सी. आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर, मुलाखतीआधी कागद तपासणारं अमेरिकी कार्यालय) आली आहे. ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन्ही फी भरल्या. आता डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरून कागद चढवायचे आहेत आणि तिथंच अडलंय.

लग्न विधिपूर्वक १८ फेब्रुवारी २०२४ ला झालं, नगरपरिषदेत नोंदणी एप्रिलमध्ये केली. आय-१३० मध्ये लग्नाची तारीख म्हणून चुकून नोंदणीची तारीख गेली. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, पण आधार आणि पॅन सासरच्या नावाने करून घेतले. जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं, तारीख, गाव सगळं आहे, फक्त माझ्या नावाचा रकाना कोरा आहे. दुबईत १६ महिने नोकरी केली होती, तिथलंही पोलीस सर्टिफिकेट लागतं का? आणि नवऱ्याने मागच्या वर्षी नोकरी बदलल्यामुळे त्याच्या टॅक्स रिटर्नवर उत्पन्न कमी दिसतंय. यातलं काय खरंच गंभीर आहे आणि काय नुसतं डोक्याला घोर आहे, कुणी सांगेल का? मुलाखत २०२६ च्या सुरुवातीला येईल असं वाटतंय.

उत्तर १ – फाइल_मुंबई

ताई, आधी तारखेचं, कारण तुमच्या यादीत परिणाम करणारी खरी गोष्ट तीच आहे.

महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. विधी आधी झाला असेल तर लग्न त्या दिवशीचं धरायचं. (विशेष विवाह कायद्याखाली थेट निबंधकासमोर लग्न लावलं असेल तर गोष्ट उलटी: तिथं कायदेशीर लग्न निबंधकासमोरचं, नंतरचा हॉलमधला समारंभ धरत नाहीत.) म्हणून डीएस-२६० मध्ये १८ फेब्रुवारी २०२४ लिहा. सोबत नवऱ्याच्या सहीचं एक पानाचं पत्र चढवा: आय-१३० मध्ये अमुक तारीख गेली ती नोंदणीची आहे, लग्नाची तारीख ही, प्रमाणपत्र जोडलं आहे. बस एवढंच, माफीनामा लिहू नका.

फरक कुठं पडतो ते बघा. अमेरिकेत पाऊल टाकता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अटी काढून घ्याव्या लागतात. दोन वर्षं झाली असतील तर आयआर-१ आणि थेट दहा वर्षांचं कार्ड. तुम्ही मार्च २०२६ मध्ये उतरलात तर खऱ्या तारखेने आयआर-१ बसतो आणि चुकलेल्या तारखेने सीआर-१. दोन महिन्यांच्या चुकीपायी आणखी एक अर्ज, त्याची फी आणि पुराव्यांची नवी फाइल गळ्यात पडते. व्हिसा सीआर-१ म्हणून छापला गेला आणि प्रवासाच्या दिवसापर्यंत दोन वर्षं उलटली, तर विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून वर्ग बदलून मागा. मूळ प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

नावाची काळजी मात्र सोडा. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने मिळतो, ग्रीन कार्डही त्याच नावाने. लग्नाच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवरही माहेरचं, ही सगळ्यात सोपी अवस्था. आधार आणि पॅन एनव्हीसी मागतच नाही. सासरचं नाव डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात लिहा. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर नवीन नाव लिहिलं असेल आणि ते बँकेत किंवा आणखी कुठल्या कागदावर वापरलं असेल, तर तेही तिथंच. घरात हाक मारण्यापुरतं असेल तर गरज नाही. राजपत्रात नाव छापून आणायला धावू नका. नाव बदलण्यापुरता पासपोर्ट आत्ता बदलूही नका, कारण पीसीसी (पोलीस सर्टिफिकेट) पासपोर्ट क्रमांकावर निघतं. पासपोर्ट बदलला की क्रमांक जुळत नाही आणि ते पुन्हा काढावं लागतं.

एक बारीक सापळा पासपोर्टचाच. आपल्याकडे स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' मध्ये छापतात. डीएस-२६० मध्येही तसंच ठेवा. वडिलांचं नाव गाळलं तर पुढे प्रत्येक कागदावर दोन वेगळ्या व्यक्ती दिसायला लागतात.

उत्तर २ – दाखला_नमुना_पाच

जन्मदाखल्याबद्दल. जन्मतारीख, जन्मठिकाण, आई-वडील दोघांची नावं आणि स्वतःचं नाव इतकं असायलाच हवं. नावाचा रकाना कोरा असलेला दाखला एकटा चढवला तर परत येण्याचीच शक्यता जास्त.

पहिला मार्ग, आणि माझ्या मते हाच करावा: जिथं जन्माची नोंद आहे त्या निबंधकाकडे (गाव असेल तर ग्रामसेवक, शहर असेल तर नगरपरिषद किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग) नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्या. सोबत जुना दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं. नियमात नाव घालण्याची मुदत नोंदणीपासून १५ वर्षं आहे, पण जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून सध्या कुठलं परिपत्रक लागू आहे ते तिथंच विचारा. नाव लागलं की नमुना ५ मधला नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत घ्या आणि काउंटर सोडण्याआधी इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एक 'ए' जास्त पडला तर तिथल्या तिथं दुरुस्त होतो, घरी आल्यावर पुन्हा फेरी.

हे जमलं नाही तर कोरा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं असा जोड द्यायचा. प्रतिज्ञापत्र आई-वडिलांचं सगळ्यात चांगलं. ते नसतील तर जन्माच्या वेळी हयात आणि जाणते असलेले आत्या, मामा, काका. मजकुरात करणाऱ्याचं नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि ठिकाण, तुमच्याशी नातं, तुमचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि जागा, दोन्ही पालकांची नावं, आणि ही माहिती त्यांना कशी ठाऊक हे सगळं हवं. 'कशी ठाऊक' ही ओळच बहुतेक प्रतिज्ञापत्रांत नसते, कारण नोटरीकडचा टायपिस्ट शाळेच्या कामाचा साचा वापरतो. मजकूर घरून लिहून न्या. नोंदच सापडत नाही अशांसाठी निबंधकाकडून नमुना १०, म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र, आधी घ्यावं लागतं. नुसती प्रतिज्ञापत्रं पुरत नाहीत.

भाषांतर: फक्त मराठीत असलेल्या कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, शिक्के आणि हाताने लिहिलेले शेरे धरून. खाली भाषांतरकाराने दोन्ही भाषा येत असल्याचं आणि भाषांतर बिनचूक असल्याचं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरीची सक्ती नाही. नावं मात्र पासपोर्टच्या स्पेलिंगनेच लिहायला सांगा, नाहीतर तो आपल्या कानाला येईल तसं लिहितो आणि तिसरं स्पेलिंग तयार होतं. लग्नपत्रिका एनव्हीसीला लागत नाही. मुलाखतीला फोटोंसोबत न्या. तिचं भाषांतर केलंत तर 'चि. सौ. कां.' हा नावाचा भाग म्हणून जाऊ देऊ नका.

मूळ कागद आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, रंगीत, ४ एमबीच्या आत. मागच्या बाजूला शिक्का असेल तर तीही बाजू.

उत्तर ३ – जामीनकी_८६४

उत्पन्नाचं: आय-८६४ (नवऱ्याने तुमच्या खर्चाची हमी देण्याचा फॉर्म, म्हणजे जामीनकी) मध्ये मुख्य वजन आजच्या पगाराला असतं, मागच्या रिटर्नला नाही. नवीन कंपनीचं पगार आणि रुजू तारीख लिहिलेलं पत्र, सहा महिन्यांच्या पे-स्लिपा आणि शेवटच्या वर्षाचा आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, लावा. 'सध्याचं वार्षिक उत्पन्न' या रकान्यात नव्या पगाराचा वर्षाचा आकडा.

किमान उत्पन्नाची मर्यादा अमेरिकेच्या गरिबी-रेषेच्या १२५ टक्के. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला ती २६,४३७ डॉलर होती. इथं कुटुंब मोजण्यात घोळ होतो. नवरा एक, तुम्ही दुसऱ्या. काही जण बायकोला 'व्हिसा मिळणारी' म्हणून एकदा आणि 'जोडीदार' म्हणून पुन्हा मोजतात. उलट चूकही होते: नवऱ्याने पूर्वी आपल्या आई-वडिलांचं ग्रीन कार्ड केलं असेल आणि ती जामीनकी अजून चालू असेल, तर तेही धरायचे. मग कुटुंब चौघांचं आणि त्याच तक्त्याने मर्यादा ४०,१८७. जामीनकी ते नागरिक झाल्यावर किंवा त्यांच्या खात्यावर ४० तिमाही काम जमा झाल्यावर सुटते; ते नुसते भारतात राहायला आले म्हणून सुटत नाही, कार्डही सोडावं लागतं.

कमी पडलं तर फरकाच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते (तिप्पट ही सवलत नागरिकाच्या जोडीदाराला). ५,००० कमी असतील तर १५,००० ची बचत. नाहीतर सहजामीनदार घ्या: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेतच राहणारा. भारतातल्या सासऱ्यांचा जामीन चालत नाही, त्यांची शेती कितीही असो.

आणि एक जरूर तपासा. लग्न फेब्रुवारी २०२४ मधलं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला तो विवाहित होता. त्या वर्षाचं रिटर्न सवयीने 'सिंगल' म्हणून भरलं असेल तर ट्रान्सक्रिप्टवर ते ठळक दिसतं, आणि व्हिसा मागतोय बायकोचा. १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) भरून मुलाखतीआधी दुरुस्त करा आणि प्रत सोबत ठेवा. आय-८६४ वर सही पेनाने करून स्कॅन करा. टाइप केलेलं नाव सही म्हणून देऊ नका.

माहेर_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. रिटर्न 'सिंगल' भरलंय का ते आजच विचारते. जन्मदाखला काढून बघताना नवीनच निघालं: दाखल्यावर ९ जुलै आहे, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि पासपोर्ट शाळेच्या तारखेने आहे.

उत्तर ४ – फाइल_मुंबई

शाळेत घालताना १ जून लावायची जुनी पद्धत, कित्येकांचं हेच आहे. पण व्हिसाच्या दृष्टीने जन्माच्या वेळची नोंद वरचढ. नावासाठी पासपोर्ट बदलू नका म्हणालो, तारखेसाठी मात्र बदला. पासपोर्ट कार्यालय जन्मदाखल्याच्या आधारे तारीख दुरुस्त करतं, चौकशी होते, वेळ लागतो. म्हणून आधी दाखल्यात नाव, मग पासपोर्ट, मग पीसीसी. हा क्रम मोडला तर प्रत्येक कागद दोनदा काढावा लागेल. नवा पासपोर्ट आला की जुन्या-नव्या दोन्हींची पानं आणि खुलाशाचं पत्र एनव्हीसीला चढवा. डीएस-२६० नव्या पासपोर्टनेच भरा. आधीच भरला असेल तर तो पुन्हा उघडून मागता येतो, नाहीतर मुलाखतीत अधिकारी दुरुस्त करतो.

दुबईचं सर्टिफिकेट लागेल. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहणं झालं की ते हवंच, तुमचे १६ आहेत. इथून काढायला वेळ जातो, तेव्हा आजच सुरुवात करा. तिथं पुन्हा राहायला गेला नाहीत तर ते जुनं होत नाही. भारताचं पीसीसी मात्र दोन वर्षांपर्यंतच धरतात. पीसीसी पासपोर्ट सेवेतून, फी ५०० रुपये. पुण्यात हॉस्टेलला, मग मुंबईत नोकरीला होतात म्हणून शहरागणिक वेगळं लागत नाही. डीएस-२६० मध्ये मात्र सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते येतात, हॉस्टेलसकट.

मेडिकल मुलाखतीची तारीख आल्यावर, नेमून दिलेल्या डॉक्टरकडेच. लसीकरणाची जुनी कार्डं न्या, नाहीतर सगळ्या लसी पुन्हा. पूर्वी टीबी झाला असेल तर मुलाखतीच्या बरंच आधी जा: एक्स-रेत डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरला आठ आठवडे लागतात.

बीकेसीला (मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत) मुलाखतीला जाताना चढवलेल्या प्रत्येक कागदाचं मूळ आणि एक झेरॉक्स. काही कमी निघालं तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. कागदावर तो नकार असला तरी एका वर्षाच्या आत मागितलेला कागद दिला की केस तिथूनच पुढे चालते, नवी फी लागत नाही.