होगन कप १९४६: इगी जोन्सचा सामना

होगन कप ही आयर्लंडमधल्या शाळांची गेलिक फुटबॉल स्पर्धा. 'शाळांचा होगन कप म्हणजे काउंटी (जिल्हा संघांच्या) फुटबॉलची रंगीत तालीम' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पहिल्याच वर्षीची, १९४६ची अंतिम लढत बघा. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर आर्मा गावच्या सेंट पॅट्रिक्स शाळेने ट्युअम गावच्या सेंट जार्लथ्स शाळेला ३-११ विरुद्ध ४-७ (आधी गोल, मग एकेरी गुण) असं हरवलं. तेव्हा गेलिक फुटबॉलमध्ये गोलचे तीन गुण मिळायचे, दांडीवरून गेलेल्या चेंडूचा एक. म्हणजे २० विरुद्ध १९! गोल जास्त करूनही जार्लथ्स एका गुणाने हरले.

त्या दिवशी आर्माच्या संघातल्या इगी जोन्सने एकट्याने ३-४ केले. संघाचे तिन्ही गोल त्याचेच, एका शाळकरी मुलाचे! या चर्चेत कोणीच त्याचं नाव घेतलं नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. पुढे १९५६ मध्ये टिरोन काउंटीने पहिल्यांदा अल्स्टर प्रांताचं विजेतेपद मिळवलं, त्या संघातही तो होता. आणि जार्लथ्स? पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत समोर पुन्हा आर्माच होतं, आणि या वेळी कप ट्युअमला गेला. आजवर त्यांनी तो बारा वेळा जिंकलाय.