लोह, आयोडीन आणि थायरॉईडची गोळी, सगळं एकत्र चालतं का?

मालवणची सून: पाचवा महिना चालू आहे, एचबी (हिमोग्लोबिन) ९.८ आलंय, आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्यात, थायरॉईडची आधीपासून आहेच आणि आता नणंद म्हणते ऑनलाईन समुद्री शेवाळाच्या आयोडीनच्या गोळ्या पण घे. घेऊ का?

देवगडची काकू: लोहाची सोडू नको गो. ६० मिग्रॅ असतं त्यात, शी काळी होते, पोट जड होतं, घाबरायचं नाही. पण थायरॉईडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेव, मी दोन्ही सकाळी एकदम घ्यायचे तर टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) उतरेचना. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि डबा पोरांच्या हाती लागू देऊ नको, मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

रत्नागिरीचा केमिस्ट: शेवाळाच्या नको ताई. आयोडीन किती येईल नेम नाही, जास्त झालं तर थायरॉईड उलट बिघडतो, बाळाचासुद्धा. गरोदरपणी रोज साधारण २५० मायक्रोग्रॅम लागतं, मासे खात असाल तर थोडं त्यातून मिळतं. घरात मीठ कुठलं?

मालवणची सून: मिठागरातलं खडेमीठ! आजच आयोडीनवालं आणते, गोळ्यांचं उद्या डॉक्टरांना विचारते.